वारंगा फाट्यावरचं नाक

सर्व वाहनमालक, चालक, क्लीनर, त्यांच्या सौभाग्यवती आणि नाक असलेले इतर सर्व प्राणिमात्र यांस अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, वारंगा फाट्यावरील सुप्रसिद्ध नाक यंदाच्या माघ महिन्यात अनंतात विलीन झाले. नाकासोबत त्याचे मालकही गेले. मालक गेल्याची बातमी फाट्याने एका चहात संपवली. नाकाबद्दल मात्र टपरीवर अजून बोलणं चालू आहे, आणि त्यातलं निम्मं खोटं आहे. खरं मला ठाऊक आहे, कारण शेवटचा अंक माझ्याच गाडीच्या मागच्या चाकापाशी घडला. तेव्हा हे निवेदन करण्याचा मान माझा. टोप्या काढाव्यात. नाकं पुसून घ्यावीत.

मिस्त्रींचं नाव मी सांगणार नाही. फाट्यावर ते कोणी वापरतही नव्हतं. गाडीत पेट्रोलचा वास यायला लागला की लोक एवढंच म्हणायचे, "नाकाकडं ने." मग गाडी हिंगोलीची असो, वसमतची असो की पुसदची, ती आमच्या फाट्यावर यायची आणि मिस्त्रींच्या पत्र्याच्या शेडसमोर खाली मान घालून उभी राहायची.

माझी आणि त्या नाकाची पहिली भेट मला अजून आठवते. कळमनुरीत माझं भांड्यांचं दुकान आहे. एका नातेवाइकाचं सावडून, घरी आंघोळ करून, अत्तर लावून मी फाट्यावर गेलो होतो. मिस्त्री खुर्चीवर डोळे मिटून बसलेले. मी जवळ गेलो तसे डोळे न उघडता म्हणाले, "दाढ दुखून राहिली का शेठ?"

माझा हात गालावर गेला.

"लवंगेचं तेल. उजवीकडं. सकाळी मेथीची भाजी खाल्ली. अन् आज मसनवट्यात जाऊन आले तुमी. त्याच्यावर अत्तर लावलं, पण ते हलकं हाय. बदला दुकान."

मी अत्तराचं दुकान बदललं. इतका माझ्यावर प्रभाव पडला.

मिस्त्रींचं घराणं देवळातल्या पूजाअर्चेचं. लहानपणी धूप, ऊद, फुलं हुंगून नाक तयार झालं, असं ते सांगायचे. देवळात भागेना म्हणून ते इंजिनाकडे वळले, पण सोवळं सोबत घेऊन आले. गाडी तपासायची म्हणजे पूजाच. आधी गाडी अशी लावायची की वारा मागून पुढे जाईल. बायकांनी गजरे काढून लांब ठेवायचे. पुरुषांनी पुडी थुंकायची आणि चूळ भरायची. मिस्त्रींनी सकाळपासून कांदा, लसूण, चहा यांना स्पर्श केलेला नसायचा. मग ते हात पाठीमागे बांधायचे आणि मागच्या बंपरपासून पुढे, कमरेत वाकून, पाऊल पाऊल सरकायचे. सगळं शेड चिडीचूप. मध्येच थांबायचे. एक पाऊल मागे. पुन्हा पुढे. आणि मग न्यायाधीशाच्या थाटात निकाल: "झाकणाचं रबर." किंवा, "वरचा पाइप. क्लिपपाशी." आणि ते बरोबर तिथेच असायचं.

आम्हाला ते शिकवायचेही. "टाकी म्हंजे म्हैस हाय शेठ. ऊन लागलं की धापा टाकती. ती वाफ बाहेर सोडायची न्हाई म्हणून कंपनीनं एक कोळशाचा डबा बसवलाय. वाफ पाइपातून डब्यात जाती, कोळसा तिला धरून ठेवतो, अन् गाडी चालली की इंजिन ती पिऊन टाकतं. झाकणाचं रबर तडकलं, पाइपाला भोक पडलं, का ती वाफ फरार. थेंब दिसतो, वाफ दिसत न्हाई. ती जमिनीलगत बसून राहती. कोणीतरी काडी ओढंल म्हणून वाट पाहती." हे शेवटचं वाक्य ते इतकं हळू म्हणायचे की ऐकणारा खिशातली काडेपेटी चाचपायचा. दुसरा नियम असा: पंपावर टाकी गळ्यापर्यंत भरायची नाही. पेट्रोल त्या डब्यात शिरलं की कोळसा संपला.

त्यांची कीर्ती झाली ती एका वऱ्हाडामुळे. लग्नाची गाडी समोरच्या ढाब्यावर चहाला थांबली होती. नवरीचा मामा गाडीला टेकून सिगारेट ओढत होता. रस्त्याच्या अलीकडून मिस्त्री उठले, ट्रक अडवत पलीकडे गेले, आणि मामाच्या तोंडातली सिगारेट काढून चपलेखाली चिरडली. मामाने कॉलर धरली. दोघा-तिघांनी बाह्या सरसावल्या. मिस्त्री म्हणाले, "मारा, पण आधी नवरीला उतरवा." मग खाली झोपून त्यांनी टाकीच्या वरचा पाइप दाखवला, उभा चिरलेला. मामाने स्वतःच काडेपेटी रस्त्यापलीकडे भिरकावली. मिस्त्रींनी पाइप बदलला, कपडे झटकले आणि म्हणाले, "जा आता. अक्षता टाका."

नांदेडहून एक माणूस धुराचं मशीन विकायला आला होता, तोही किस्सा आहे. मशीन टाकीच्या नळीतून धूर सोडतं आणि जिथे गळती आहे तिथून धूर बाहेर येतो. मिस्त्रींनी पैज लावली. धूर तयार होईपर्यंत मिस्त्रींनी जागा सांगून टाकली होती. धूर नंतर सावकाश तिथूनच आला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मिस्त्री त्याला म्हणाले, "पोरा, याला दिसाया लागतं तवा हे मानतं. ने हे घरी. मच्छर पळतील." तो बिचारा मशीन घेऊन गेला. त्याचा चेहरा माझ्या लक्षात आहे, कारण पुढे मी त्याच्याच दारात उभा राहणार होतो.

मग कोरोनाची दुसरी लाट आली. मिस्त्री आणि त्यांचा धाकटा भाऊ दोघे नांदेडला दवाखान्यात शेजारी शेजारी होते. भाऊ परत आला नाही. मिस्त्री परत आले, बारीक झालेले, पण नाकाचा तोरा तोच. त्या दिवसांत आम्ही सगळेच सकाळी उठून कापूर हुंगायचो. वास आला की जिवंत असल्याची खात्री पटायची. आमचे वास गेले आणि आले. मिस्त्रींचा गेला तो आलाच नाही.

हे त्यांनी कोणालाही सांगितलं नाही. बायकोलासुद्धा नाही. तिला कळलं ते असं: ती अंगणात धुणं वाळत घालत होती, चुलीवर वरण करपून कोळसा झालं होतं, आणि हे पातेल्याच्या शेजारी पाटावर बसून पेपर वाचत होते. तिने पातेलं उतरवलं. रात्री पाहिलं तर हे कापराची वडी नाकाशी धरून बसलेले. "कधीपास्नं?" तिने विचारलं. तर म्हणाले, "कुणाला सांगशील तर माझं मेलेलं तोंड पाहशील."

तिसऱ्या दिवशी शेडमध्ये एक नवं स्टूल आलं. त्यावर मिस्त्रींची बायको, म्हणजे आमच्या काकू, बसायला लागल्या. मांडीवर परात, परातीत निवडायची मेथी. त्याआधी त्या कधी फाट्यावर दिसल्या नव्हत्या. मिस्त्री पूर्वीसारखेच हात बांधून, वाकून गाडीभोवती सरकायचे आणि काकू त्यांच्या मागे मागे स्टूल सरकवत यायच्या, सावली धरून बसल्यासारख्या. जिथे वास यायचा तिथे काकू खोकायच्या. मिस्त्री थांबायचे. एक पाऊल मागे. निकाल.

आम्हाला कळलं कसं नाही? अहो, त्या दिवसांत बाई खोकली की माणूस तिच्याकडे बघायचा नाही, मागे सरकायचा. पुढे लोकांनी ठरवूनच टाकलं की हिला टीबी आहे. फाट्यावरच्या हॉटेलात तिचा कप वेगळा झाला. संक्रांतीला वाणाला बोलावणं बंद झालं. सख्ख्या जावेने, जिचा नवरा दवाखान्यात गेला तिने, आपल्या लेकरांना हिच्या मांडीवर बसू देणं सोडलं. काकू शेडमध्ये येत राहिल्या, मेथी निवडत राहिल्या आणि खोकत राहिल्या. हे सगळं त्यांनी मला परवा दहाव्याच्या दिवशी सांगितलं, एकदाही न खोकता.

आता माझी गाडी. सात माणसांची, पेट्रोलवरची, पांढरी. माझी बायको तिला हत्ती म्हणते. हत्ती राहतो दुकानाच्या गोदामात, जिथे भांडी ज्या पेंढ्यात बांधून येतात तो पेंढा पडलेला असतो, आणि पेंढ्यात उंदरांच्या पिढ्यान् पिढ्या नांदतात. गेल्या वर्षी माझी लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. तिला तपासणीसाठी नांदेडला न्यायचो. दर खेपेला ती मागच्या सीटवर बसली की म्हणायची, "बाबा, पेट्रोलचा वास येतोय." काच खाली करून डोकं बाहेर काढून बसायची. दोनदा रस्त्यात उलटी झाली.

नवरात्र चालू होतं. आम्ही तिघं फाट्यावर गेलो. स्टूल रिकामं होतं. काकूंचा भाऊ वारला होता, त्या जवळा बाजारला गेल्या होत्या.

मिस्त्री आम्हाला पाहून उठले नाहीत. "आज नको शेठ. दसरा झाल्यावर आणा."

"दसऱ्यानंतर लगेच नांदेडला न्यायचंय हिला," मी म्हणालो. "आणि तुम्हाला काय, दोन मिनिटांचं काम."

शेडमध्ये चार गिऱ्हाइकं बसलेली. त्यातला एकजण हसला, "काहून मिस्त्री, नाक सुट्टीवर गेलं का काय?"

मिस्त्री उठले. इतकी लांबलेली पूजा मी कधी पाहिली नव्हती. ते गाडीभोवती एकदा फिरले, पुन्हा फिरले. टाकीच्या झाकणापाशी गुडघे टेकून बसले. आणि मध्येच वळून त्या रिकाम्या स्टुलाकडे पाहिलं. मला वाटलं, बायकोची आठवण आली. आलीच होती.

मग उठून म्हणाले, "कोरी हाय गाडी. काही न्हाई."

माझी बायको ऐकून घेणाऱ्यांतली नाही. "काही नाही कसं? मला येतोय की वास. आत्ता, इथं उभं राहून येतोय."

"वहिनी, तुमाला लेक सांगून राहिली म्हणून येऊन राहिला. अन् तिला दिवस गेलेत. त्या दिवसांत बाईला भाताचासुदिक वास सहन होत न्हाई." ते लेकीकडे वळून हसले. "लेकरू झालं का जाईल बघ, बाई."

चारी गिऱ्हाइकांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. आख्ख्या जिल्ह्यात त्या घडीला सगळ्यात तिखट नाक होतं ते माझ्या लेकीचं, आणि आम्ही सहा पुरुषांनी ते बहुमताने नामंजूर केलं. घरी जाताना बायको एवढंच म्हणाली, "यांच्या नाकाला पोर झालं असतं म्हणजे समजलं असतं." पण तिनेही गाडीत बसणं सोडलं नाही. नाकाने सांगितल्यावर आमच्याकडे आपापल्या नाकाला कोणी विचारत नसे.

शेवटाकडे जाण्याआधी एक गोष्ट सांगून टाकतो, म्हणजे तुमचा जीव टांगणीला राहायला नको. दसऱ्याला काही जळालं नाही. लेक सुखरूप आहे. नातू आता गोदामातल्या उंदरांची खुडबूड ऐकून हसतो. हत्ती मी दोर बांधून नांदेडला नेला, त्याच धुराच्या मशीनवाल्याकडे. त्याने मला ओळखलं, पण दाखवलं नाही. धूर सोडला. टाकीच्या वरच्या बाजूला, जिथून पाइप कोळशाच्या डब्याकडे जातो, तिथून धूर सुटला, उदबत्तीसारखा सरळ. उंदरांनी पाइप कुरतडला होता. डब्यातही पेट्रोल शिरलं होतं. पाइप नवा, क्लिपा नव्या, डबा नवा. पुन्हा धूर सोडून पाहिला, कुठूनही आला नाही. एवढंच काम.

मिस्त्रींचं शेड मात्र दसऱ्यापासून उघडलं नाही. काही दिवस लोक घरी जायचे आणि काकूंना म्हणायचे, "तुमीच या हो, नाक तर तुमचंच होतं." काकू दार लावून घ्यायच्या. आत मिस्त्री भिंतीकडे तोंड करून पडलेले असायचे. ते त्या दिवसापासून बायकोशी एक शब्द बोलले नाहीत. ताट पुढे आलं की जेवायचे. मीठ कमी असो, जास्त असो, वरण करपलेलं असो, सारखंच जेवायचे. काकू म्हणाल्या, "एकदा मी मुद्दाम मीठच घातलं न्हाई. म्हटलं, आतातरी चिडून बोलतील. ताट पुसून उठले." मी एकदा भेटायला गेलो. मला पाहून त्यांनी पांघरूण डोक्यावर घेतलं. पांघरुणातून आवाज आला, "अत्तर लावलं का शेठ?" मी लावलं नव्हतं. तरी म्हणालो, "हो." ते म्हणाले, "चांगलं हाय."

माघात गेले. झोपेत गेले म्हणतात. काकूंनी चुलीतलं धुमसतं लाकूड, उदबत्ती, काही काही त्यांच्या नाकाशी धरलं म्हणे. मग शेजारच्यांना हाक मारली.

आता दसरा.

दसऱ्याला मिस्त्रींचा एक हट्ट असायचा. वर्षभरात नीट केलेल्या सगळ्या गाड्या त्या दिवशी शेडमध्ये आल्या पाहिजेत. जग बॉनेटला कुंकू लावतं, मिस्त्री टाकीच्या झाकणाला लावायचे. प्रत्येक गाडीच्या टाकीची बाहेरची झडप उघडायची, आतल्या बंद झाकणाला कुंकवाचं बोट टेकवायचं, झेंडूचं फूल ठेवायचं आणि पेटत्या कापराने ओवाळायचं. पेट्रोलच्या तोंडाशी कापूर! नवखे डोळे मिटून घ्यायचे. मिस्त्री आधी हुंगायचे, मान हलवायचे, मगच ओवाळायचे. हा त्यांचा दरवर्षीचा खेळ. माझ्या नाकावर माझा एवढा भरवसा आहे, हे सगळ्या फाट्याला दाखवायचा.

ताट पितळेचं, माझ्याच दुकानातलं. आता त्याच्या काठाला मोठा पोचा आहे.

भर दुपार. वारा नावालाही नाही. शेडमध्ये गाड्या ओळीने लावलेल्या, माझी सगळ्यात शेवटी, मागची बाजू भिंतीकडे. पंपावरच्या पोराने सणाचा दिवस म्हणून टाकी गळ्यापर्यंत भरून दिलेली. लेकीचे पाय सुजलेले, ती मागच्या सीटवर दार उघडं ठेवून बसली होती. मी आणि बायको आपट्याची पानं घेऊन बाजूला उभे. तीन हलग्या वाजत होत्या, त्यातल्या एका हलगीवाल्याला तर वाजवताना भान राहत नव्हतं.

काकू त्याच वेळी जवळा बाजारहून एसटीने उतरल्या. हातात पिशवी, डोळे रडून सुजलेले. गर्दीच्या कडेने शेडमध्ये आल्या आणि आपली जागा घ्यायची म्हणून सवयीने मिस्त्रींच्या मागे चालू लागल्या. पहिली गाडी झाली. दुसरी झाली. मिस्त्री हुंगायचे, मान हलवायचे, ओवाळायचे. काकू गप्प होत्या.

माझ्या गाडीपाशी येताना त्यांनी खोकल्याची पहिली उबळ काढली. मिस्त्रींना ऐकू गेली नाही. हलग्या कानठळ्या बसवत होत्या. काकू पुन्हा खोकल्या, जोरात. माझी बायको एक पाऊल मागे सरली, माझाही हात धरून मागे ओढला. काकू वाकून, पोट धरून खोकायला लागल्या. कोणीतरी पाण्याचा तांब्या पुढे केला. त्यांनी तो हाताने उडवला. पाणी माझ्या धोतरावर.

मिस्त्री झाकणापाशी पोचले होते. ताटात कापराचा ढीग, ज्योत चांगली वीतभर. ते वाकले. हुंगलं. मान हलवली.

"बराबर," ते म्हणाले आणि ताट उचललं.

काकूंनी पिशवी टाकली. त्या गर्दीतून घुसल्या आणि त्यांनी दोन्ही हातांनी नवऱ्याचं मनगट धरलं. मिस्त्री चिडून ओरडले, "अगं सोड! मंगल काम चालू हाय, चारचौघांत काहून तमाशा करून राहिली?" मनगट सोडवायला त्यांनी हात हिसडला. ज्योत झाकणाकडे झुकली. आत सीटवर माझी लेक काय चाललंय ते बघायला बाहेर वाकली होती.

नवरा-बायकोचं भांडण म्हटल्यावर हलगीवाल्यांनी टिपरं थांबवलं. ऐकायला. आख्खा फाटा शांत झाला. चार वर्षांत त्या शेडमध्ये काकूंचा खोकला सगळ्यांनी ऐकला होता, आवाज कोणीच ऐकला नव्हता. तो त्या दिवशी रस्त्यापलीकडच्या ढाब्यापर्यंत गेला:

"तुमाला वास येत न्हाई हो! कशाचाच येत न्हाई! फेका ते ताट, आत दोन जीव बसलेत!"